जोडी क्रमांक सहाशे अठरा

माझा धंदा भांडणं शोधण्याचा. माणसांची नव्हे, ती शोधावी लागत नाहीत, दार उघडलं की समोर उभीच असतात. मी नियमांची भांडणं शोधते. दोन चांगले, शहाणे नियम एकाच जागी समोरासमोर आले तर काय होईल हे आधी सांगायचं आणि त्याखाली सही करायची. सुप्रभा मगदूम, मुख्य नियम-पडताळणीकार. पुण्यातल्या आमच्या केंद्रात मला माझ्यामागे 'भांडणबाई' म्हणतात. मला ते आवडायचं, आता खोटं कशाला बोलू?

नातेपट येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. नातेपट म्हणजे राज्यातल्या सगळ्या माणसांचं एक चित्र. प्रत्येक माणूस एक ठिपका, प्रत्येक नातं एक रेघ. रेशन, पेन्शन, वारसा, दवाखान्यातली संमती, सगळं त्या चित्राकडे बघून ठरतं. कोणी जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोणी गेलं की चित्र बदलायचं, आणि कसं बदलायचं ते नियम सांगतात. नियमाचा साचा सोपा आहे: चित्रात अमुक आकार दिसला तर तो पुसा आणि त्या जागी तमुक काढा. असे तीनशे सव्वीस नियम. ते एकामागून एक लागत जातात, आणि लागण्यासारखा एकही उरला नाही की यंत्र थांबतं. तेव्हा जे चित्र उरतं तेच कायद्याला खरं.

घोळ होतो तो क्रमाचा. पोहे आधी भिजवून मग परतले तर नाश्ता होतो. आधी परतून मग भिजवले तर काय होतं ते माझ्या नवऱ्याने एकदा करून दाखवलं आहे. नातेपटाची यंत्रं तीन शहरांत एकाच वेळी चालतात, त्यामुळे कुठला नियम आधी लागेल हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून नियम असे हवेत, की कुठल्याही वाटेने गेलं तरी शेवटी एकाच चित्रापाशी पोचावं. नियमांच्या या गुणाला आम्ही संगम म्हणतो.

कोट्यवधी माणसांच्या सगळ्या वाटा तपासणं कोणाच्या बापाला शक्य नाही. पण गणित इथे दया करतं. यंत्र कधी ना कधी थांबतंच एवढं सिद्ध केलेलं असलं, की फक्त भांडणाच्या जागा तपासायच्या. जिथे दोन नियम एकाच रेघेवर हात टाकतात, ती तीन-चार ठिपक्यांची लहान चित्रं. अशा प्रत्येक चित्राला आम्ही जोडी म्हणतो. एकदा हा नियम आधी लावायचा, एकदा तो, आणि दोन्ही वाटा पुढे मिळतात का ते बघायचं. नातेपटात चौदाशे बारा जोड्या निघाल्या. त्या सगळ्यांखाली माझी सही आहे.

सोमवारी दुपारी मी डब्यातली भाकरी मोडत होते आणि सन्मतीचा फोन आला.

सन्मती माझा चुलतभाऊ. म्हणजे चारचौघांत. तो दोन वर्षांचा असताना माझ्या आईने त्याला आपल्या धाकट्या जावेच्या, पद्मिनीकाकूच्या, ओटीत घातलं. काकूला मूल होत नव्हतं. आजीने ठरवलं, नोटरीकडे कागद झाला, पाच सुवासिनी जेवल्या आणि माझा सख्खा भाऊ माझा चुलतभाऊ झाला. तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्यानंतर आमच्या घरात हा विषय कोणी काढला नाही. तो काकूला आई म्हणायचा आणि माझ्या आईला मोठीआई. मीही इतक्या वर्षांत खरंच विसरून गेले होते.

"ताई, आईला मूलच नाही म्हणतायत इथं," सन्मती म्हणाला.

"कोण म्हणतंय?"

"खिडकीवरची बाई. नातेपटावर सकाळपासून तसंच दिसतंय म्हणे. मी कोण, तर पुतण्या. पुतण्याचं यकृत चालत नाही."

काकू मिरजेच्या दवाखान्यात होती. तिचं यकृत संपत आलं होतं आणि सन्मती आपल्या यकृताचा तुकडा देणार होता. रक्तगट जुळला होता, सगळ्या चाचण्या जुळल्या होत्या, गुरुवारी शस्त्रक्रिया ठरली होती. मुलगा, भाऊ, नवरा अशा जवळच्यांना देता येतं. बाकीच्यांना समितीपुढे जावं लागतं आणि समिती तीन आठवडे घेते. डॉक्टरांनी काकूला आठवडासुद्धा दिला नव्हता.

"थांब, बघते," मी म्हणाले. भाकरी तशीच राहिली.

काय झालं होतं ते कळायला दहा मिनिटं लागली. दाता म्हणून सन्मतीची जनुकचाचणी झाली होती. प्रयोगशाळेने निकाल शिरस्त्याप्रमाणे नातेपटाला कळवला आणि नातेपटाने नोंदीतल्या जनुकांशी ताळा करून त्याच्या ठिपक्यापासून माझ्या आईच्या ठिपक्यापर्यंत रक्ताची रेघ ओढली. आता एका मुलाला दोन आया झाल्या, एक रक्ताची आणि एक कागदाची. इथे दोन नियम लागतात. एकेचाळिसावा म्हणतो, दत्तकपत्र असेल तर रक्ताची रेघ पुसा. ज्या आईने मूल दिलं तिने उद्या येऊन हक्क सांगू नये. दोनशे सातवा म्हणतो, रक्ताची आई सिद्ध झाली असेल तर कागदाची रेघ पुसा. मुलं पळवून खोट्या दत्तकपत्रांवर विकणारी टोळी सापडल्यावर तो आला. दोन्ही चांगलेच. पण जो आधी लागेल तो दुसऱ्याला उभं राहायला जागा ठेवत नाही. आमच्या घरात दोनशे सातवा आधी लागला.

मी जुनी यादी उघडली. जोडी क्रमांक सहाशे अठरा, नियम एकेचाळीस आणि दोनशे सात. निकाल: वाटा मिळतात. खाली माझी सही.

एका वाटेच्या शेवटी एक मुलगा, त्याला एक आई, आणि बाजूला एक बाई एकटी. दुसऱ्या वाटेच्या शेवटीही एक मुलगा, त्याला एक आई, आणि बाजूला एक बाई एकटी. आमच्या तपासयंत्राने एक चित्र जरा फिरवून दुसऱ्यावर ठेवलं आणि ते तंतोतंत बसलं. आकार जुळला. फक्त आई कोण आणि एकटी बाई कोण, हे दोन्हीकडे उलटं होतं. चित्रांच्या नियमांत नुसता आकार जुळून भागत नाही. सुरुवातीचा प्रत्येक ठिपका दोन्ही शेवटांना त्याच जागी आहे का, तेही बघावं लागतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी दहा वर्षं हेच शिकवलं आहे. पण ठिपक्यांना नावं बांधून चौदाशे बारा जोड्या तपासायच्या तर आणखी पाच महिने गेले असते, आणि उद्घाटनाची तारीख छापून झाली होती. "आकार जुळतो ना? मग पुढे चला," असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्याच घरचं चित्र माझ्यासमोर होतं आणि मी त्याच्यावर टिक करून चहाला गेले.

सुटकेच्या वाटा दोन होत्या. पहिली माझ्या हातात होती. मी नियमांना दिलेलं प्रमाणपत्र मागे घेतलं, की कायद्याने नातेपट तासाभरात थांबतो आणि कचेऱ्या-दवाखान्यांची सगळी कामं जुन्या कागदांवर येतात. काकूचं दत्तकपत्र कपाटात होतं. पण राज्यभर पेन्शनी अडतील, लोक रांगेत उभे राहतील, आणि माझं काय होईल ते सांगायला नको. दुसरी वाट आईच्या हातात. रक्ताच्या आईने त्यागपत्र दिलं, की रक्ताची रेघ कायमची जाते, मुलाचे कागद पुन्हा वाचले जातात आणि दत्तकाची रेघ परत निघते. यात कोणाचं काही अडत नाही, कोणाला काही कळत नाही.

लोकांचे हाल होतील म्हणून मी दुसरी वाट धरली, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. मी घाबरले होते.

मंगळवारी सकाळी मी मिरजेला पोचले. काकूचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि पोट फुगलं होतं. सन्मती तिच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत होता. चाळीस वर्षांचा, टक्कल पडत चाललेला माणूस. त्याला खिडकीवर बोलावलं तसा तो उठून गेला आणि काकूने माझा हात धरला.

"सुप्रभा, मला शस्त्रक्रिया नको म्हटलं तरी चालंल. पण तो माझा न्हाई असं का लिहिलं गं त्यांनी? माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही चुकलं, काकू. यंत्राची चूक आहे."

"मग दुरुस्त होईल?"

"होईल. आजच्या आज," मी म्हणाले.

आई जयसिंगपूरला एकटी राहते. मी गेले तेव्हा साडेपाच वाजले होते आणि दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं म्हणून ती ताट वाढून बसली होती. मी काही बोलायच्या आधी तिने आपला फोन माझ्यापुढे सरकवला. नातेपटाचा निरोप होता: आपल्या नोंदीत बदल झाला आहे, अपत्ये दोन, सुप्रभा, सन्मती.

"काल सकाळी आलं," आई म्हणाली. "मी कुणाकडं मागाय गेले नव्हते. आपणहून आलं."

मी तिला सगळं सांगितलं. काकूचं, शस्त्रक्रियेचं, त्यागपत्राचं. ती घास हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे मी परत द्यायचा त्याला," ती म्हणाली.

"आई, तो काकूचाच आहे. अडतीस वर्षं तिचाच आहे."

"दूध तुटलं नव्हतं त्याचं. तुझी आजी म्हणाली, धाकटीची ओटी रिकामी आहे, तुला देव आणखी देईल. न्हाई दिला. आणि मी काय करायचं? शेजारच्या खोलीत बसून ऐकायचं, तो तिला आई म्हणून हाका मारतोय ते. कुणी विचारलं मला? तू तरी विचारलंस कधी?"

मी विचारलं नव्हतं. तिने ताट बाजूला सारलं आणि पाणी पिऊन तोंड मिटलं. बाहेर अजून उजेड होता.

"काकू मरेल गं," मी म्हणाले.

"मरू दे म्हटलं का मी? दुसरी काय वाट आसंल ती सांग की. तुझंच यंत्र न्हवं ते?"

त्या दिवशी मी सांगितलं नाही. बुधवारी सांगितलं, कारण बुधवारी सकाळपासून ती एकच प्रश्न विचारत होती आणि सन्मतीचे फोन येत होते. काकूला ग्लानी येऊ लागली होती. मी आईला सांगितलं, की ही चूक माझ्या सहीने झाली आहे आणि मी तसं लिहून दिलं तर सगळं थांबेल, काकूचा कागद चालेल, तिला काही सोडावं लागणार नाही.

"मग दे की लिहून!"

"एवढं सोपं नाही ते, आई. सगळं राज्य बंद पडेल. लाखो लोकांचे हाल होतील. चौकशी बसेल, मला कदाचित तुरुंगात..."

आई माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्या नजरेत राग बघायला बरं वाटलं असतं.

"म्हणजे तुझी चूक झाकायला मी पोर देऊ," ती म्हणाली.

मी उठून परसात गेले. फोनवर पत्राचा मसुदा तयार होता, सोमवारीच लिहिलेला, चार ओळींचा. जोडी क्रमांक सहाशे अठराचा निकाल चुकीचा आहे, मी प्रमाणपत्र मागे घेत आहे. पाठवायचं बटण अंगठ्याखाली होतं. मी कढीपत्त्याच्या झाडाशी उभी राहून ते पत्र सात-आठ वेळा वाचलं, एक विराम दुरुस्त केला आणि फोन खिशात ठेवला. आई उद्या ऐकेल असं मला वाटत होतं. आई नेहमीच शेवटी ऐकते. आमच्या घरात अडलेलं सगळं तिच्यावर टाकून सुटत आलेलं आहे. मी लहानपणापासून तेच पाहिलं होतं आणि शेचाळिसाव्या वर्षी तेच केलं.

गुरुवारी सकाळी आई बस्तीतून जिनाचं दर्शन घेऊन आली, चप्पल न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "चल."

सेवा केंद्र दहाला उघडलं. आमचा पहिला नंबर होता. तिथल्या मुलीने आईचा चेहरा यंत्रापुढे धरायला लावला आणि मजकूर वाचून दाखवला. हा त्याग कायमचा आहे. तो मागे घेता येणार नाही. यापुढे सदर व्यक्तीशी आपलं माता म्हणून कोणतंही नातं राहणार नाही. मान्य आहे का?

"मागच्या खेपेला हे एवढंसुद्धा कुणी विचारलं नव्हतं," आई त्या मुलीला म्हणाली. "मान्य."

यंत्राला अकरा सेकंद लागले. रक्ताची रेघ गेली. दोनशे सातव्याला उभं राहायला जागा उरली नाही. कागद पुन्हा वाचले गेले आणि सन्मतीच्या ठिपक्यापासून काकूच्या ठिपक्यापर्यंत रेघ निघाली. माझ्या फोनवर सगळं दिसत होतं. मी सन्मतीला फोन लावणार तेवढ्यात त्याचाच आला.

"झालं रे! डॉक्टरांना सांग, झालं," मी म्हणाले.

तो म्हणाला, "ताई, आई गेली. पावणेनऊला गेली. तुम्हाला फोन लागंना."

सकाळी बस्तीत जाताना आईने फोन बंद करून घरी ठेवला होता आणि माझा मी केंद्रात येईपर्यंत बंद ठेवला होता, त्याचे फोन घ्यायचं धाडस होत नव्हतं म्हणून. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला सांगावं लागलं नाही. ती तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि पदराने तोंड दाबून रडायला लागली, आणि ती कोणासाठी रडत होती हे मला विचारता आलं नाही.

एक मुलगा, त्याची मेलेली आई, आणि बाजूला एक बाई एकटी. हे चित्र माझ्या चौदाशे बारा जोड्यांत कुठेच नव्हतं.

मी त्याच केंद्रातून पत्र पाठवलं. आता पाठवायला भीती वाटली नाही, याची मला फार लाज वाटली.

आम्ही मिरजेला पोचेपर्यंत नातेपट थांबला होता. दवाखान्यात गोंधळ उडाला होता. यंत्रांचे पडदे काळे झाले होते, लोक ओरडत होते, कारकून कुठून तरी जुन्या वह्या शोधून आणत होते. पण कामं होत होती. काकूला ताब्यात घ्यायच्या खिडकीवर एक म्हातारा कारकून होता. सन्मतीने त्याच्यापुढे दत्तकपत्राची पिवळी पडलेली प्रत ठेवली. कारकुनाने चष्मा वर करून ती वाचली, शिक्का बघितला आणि वहीत लिहिलं: नातं, मुलगा. मग आईकडे बघून विचारलं, "आजी, तुम्ही कोण?"

"जाऊ," आई म्हणाली.

सगळ्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. सन्मती त्या वहीकडे बघतच राहिला.

दुपारी स्मशानातून बाहेर आलो तेव्हा सगळ्यांच्या फोनवर एकच बातमी होती. नातेपट बंद, पडताळणीत गंभीर चूक, मुख्य पडताळणीकाराने प्रमाणपत्र मागे घेतलं. नावासकट. सन्मती फाटकाशी उभा राहून ती बातमी वाचत होता. ओल्या धोतराचं पाणी त्याच्या पायाशी ठिबकत होतं. वाचून झाल्यावर त्याने फोन शेजारच्या माणसाकडे दिला आणि माझ्याजवळ आला.

"हे तू केलंस? बंद तू केलास?"

"हो."

"बंद केल्यावर कागद चालला."

"हो."

"चूक कुठली, ते तुला कधी कळलं?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. माझ्या पत्रावर आजचीच तारीख होती. आई शेजारी उभी होती आणि तिने मान वर केली नाही. ती काही बोलली नसती, एवढं मला तिच्याकडे बघून कळलं. एवढंही मी तिच्यावर टाकू शकले असते.

"सोमवारी," मी म्हणाले. "तुझा फोन आला त्यानंतर दहा मिनिटांनी."

त्याचा चेहरा हलला नाही. तो मनात दिवस मोजत होता हे मला दिसलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारी संध्याकाळपर्यंत काकू शुद्धीवर होती, नाव घेतलं की डोळे उघडायची, हे त्यानेच मला फोनवर सांगितलं होतं.

मग त्याने आईच्या कोपराला हात लावला. "मोठीआई, चला. तुम्हाला मी सोडतो," तो म्हणाला. गाडीचं दार उघडून त्याने तिला आत बसवलं, पदर दारात अडकू नये म्हणून तो उचलून आत ठेवला आणि वळसा घालून आपल्या जागेकडे गेला. बसताना त्याने गाडीच्या टपावरून माझ्याकडे पाहिलं.

"तू एसटीनं जा," तो म्हणाला.